शर्ट खोचून आठ तास खुर्चीत बसायचंय, तर होल्स्टर कोणतं?

एका वाचकाने पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. डॅलसजवळ आयर्व्हिंगला नोकरी, वय बेचाळीस, ग्रीन कार्ड झालं आणि पाठोपाठ टेक्सासचं एलटीसी, म्हणजे पिस्तूल बाळगण्याचं लायसनही झालं. पिस्तूल ग्लॉक १९. ऑफिसात शर्ट खोचूनच जावं लागतं. कंपनीची मनाई नाही, तसं एचआरकडून लेखी घेतलेलं आहे. होल्स्टर म्हणजे पिस्तूल कमरेला बाळगायची म्यान; आतापर्यंत अशी तीन झाली, दीडशेवर डॉलर गेले, आणि दुपारी दोनच्या मीटिंगपर्यंत कंबर कामातून जाते. पिस्तूल उजव्या कमरेच्या मागे बाळगतात, सोबत होल्स्टरचा फोटो आहे, आणि चामड्याचं कसं, हेही विचारलंय. ‘एकदाच काय ते चांगलं होल्स्टर सांगा.’

एक नाव सांगून मोकळा झालो असतो, पण तुमचा खण चौथ्या होल्स्टरने भरेल, एवढंच होईल. माझ्याकडे असा एक भरलेला खण आहे, म्हणून बोलतोय. मी मूळचा कोल्हापूरचा, इकडे येऊन बावीस वर्षं झाली, बारा वर्षं एलटीसीचे वर्ग घेतो. वर्गाला येणारा प्रत्येक जण होल्स्टर एकाच पद्धतीने पारखतो: आरशासमोर उभा राहतो, डावीकडून बघतो, उजवीकडून बघतो, बायकोला विचारतो ‘दिसतंय का?’, आणि खूश होतो. पण ऑफिसात माणूस उभा असतो कितीसा? कॉफी मशीनपाशी आणि लिफ्टमध्ये. बाकी सगळा दिवस खुर्चीत. उभ्याने सुखाचं वाटणारं होल्स्टर बसल्यावर वैरी होतं. त्यामुळे तुमच्या तिन्ही होल्स्टरांत काही खोट असेलच असं नाही. बसून कोणी पारखलं नाही, एवढंच.

आता मला एक सांगा, ते टोचतंय, काचतंय, रुततंय की घासतंय? तुम्ही नुसतं ‘त्रास होतो’ लिहिलंय, पण हे चार वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी.

टोचत असेल तर कुठलातरी कोपरा हाडावर येतोय. बहुतेक वेळा उजव्या कमरेच्या हाडावर, नाहीतर पिस्तुलाच्या मुठीची मागची कड बरगडीला. कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लॅस्टिकचं होल्स्टर असेल तर त्याच्या कडांवरून बोट फिरवून बघा. स्वस्त मालात कडा कापल्यावर घासलेल्याच नसतात. बारीक पॉलिशपेपर आणून दहा मिनिटं घासलं की निम्मं दुखणं जातं. कित्येकांची पन्नास डॉलरची होल्स्टरं मी अशी एका पॉलिशपेपरावर वाचवली आहेत.

काचत असेल तर दोष पँटचा. होल्स्टर पँटच्या आत घालायचं म्हणजे कमरेचा घेर दीड-दोन इंचांनी वाढला. ग्लॉक १९ ची जाडी ३४ मिलिमीटर, वर कायडेक्सच्या दोन भिंती, आणि तुम्ही ते सगळं जुन्याच ३४ इंची पँटीत कोंबताय. ३६ ची घ्या. हे सांगितलं की लोकांच्या अहंकाराला लागतं. चाळिशीनंतर पँटचं माप वाढवणं म्हणजे पराभव मान्य करणं, असं आपल्याला वाटतं. पण हा इंच पिस्तुलाचा आहे, ढेरीचा नव्हे, असं समजून घ्या.

रुतत असेल, म्हणजे बसल्यावर खालचं टोक जांघेत किंवा मांडीत शिरत असेल, नाहीतर वरची बाजू पोटात दाबत असेल, तर उंची चुकलीय. बऱ्याच होल्स्टरांना क्लिप वर-खाली करायला दोन-तीन भोकं असतात. होल्स्टर अर्धा-पाऊण इंच वर घेऊन बघा. मूठ जरा जास्त दिसायला लागेल, त्याचा इलाज पुढे सांगतो.

आणि घासत असेल तर ते टेक्सासचा उन्हाळा आणि उघडी कातडी. आत बनियन घाला, तो पँटमध्ये खोचा, आणि होल्स्टर बनियनच्या बाहेरून लावा. सुती बनियन घामाने भिजून चिकटतो, खेळाडूंचे पातळ सिंथेटिक बरे. होल्स्टरच्या अंगाकडच्या भिंतीला वर एक पाळ असते, तिला स्वेट गार्ड म्हणतात. ती पूर्ण उंचीची असेल तर मागची साइट (नेम धरायची खूण) आणि स्लाइडचा, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाचा, खरबरीतपणा पोटाला लागत नाही.

सोयीबद्दल आणखी बोलण्याआधी एक गोष्ट, कारण सोयीच्या नादात लोक पहिली गमावतात ती हीच. ग्लॉकला बाहेरून लावायची सेफ्टी नसते. ट्रिगर मागे गेला की गोळी सुटणार. तेव्हा होल्स्टर हीच तुमची सेफ्टी. ट्रिगर आणि त्याभोवतीची कडी पूर्ण झाकली गेली पाहिजे, बाहेरून दाबलं तरी बोट आत पोचता कामा नये. होल्स्टरचं तोंड पिस्तूल काढल्यावरही उघडं राहिलं पाहिजे, मिटता कामा नये. दुकानात वीस डॉलरला मिळणारी मऊ कापडी होल्स्टरं, कुठल्याही पिस्तुलाला बसणारी, अंगाला अगदी बनियनसारखी लागतात. म्हणून खपतात. तोंड मिटतं, माणूस ते पिस्तुलाच्या नळीने उघडायला बघतो, म्हणजे नळी स्वतःच्याच पोटाकडे. ती घेऊ नका. लवचीक पोटपट्टा घ्यायचाच असेल तर ट्रिगरवर कडक कवच असलेलाच.

चामड्याबद्दल विचारलंत, तर तिथे मी हळवा होतो. आमच्या लहानपणी घराच्या मागे चपला शिवणारी वस्ती होती, त्या वासावर मी वाढलो. चांगल्या होल्स्टरचं कातडं आणि कोल्हापुरीचं कातडं चुलत भावंडं आहेत. दोन्ही झाडांच्या सालीफळांत कमावलेली. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा, इकडे दुसरी झाडं. क्रोमने कमावलेलं मऊ कातडं पर्सला ठीक, पिस्तुलाला नाही, त्यातले क्षार लोखंडाला गंज चढवतात. चामडी होल्स्टर ओलं करून पिस्तुलाच्या आकारावर दाबून वाळवतात, म्हणून ते त्याच मॉडेलला बसतं. नवं आणलं की कोल्हापुरीसारखंच चावतं. पिस्तूल रिकामं करून, पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर आत बसवून ठेवायचं, दोन-तीन रात्रींत सैलावतं.

इथे आपल्या लोकांची एक चूक ठरलेली. चप्पल चावली की तेल, तसं होल्स्टरलाही तेल! माझ्या वर्गातल्या एका मराठी गृहस्थांनी खोबरेल चोळलं होतं. होल्स्टर आठवड्यात लोण्यासारखं मऊ झालं आणि त्याच्या तोंडाची कड आत दुमडून थेट ट्रिगरच्या कडीत यायला लागली. परत घालताना ती घडी ट्रिगर दाबू शकते. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, पिस्तूल रिकामं असताना माझ्या लक्षात आलं म्हणून ठीक. चप्पल मऊ झालेली चालते, होल्स्टर कडकच हवं. चामडी घ्यायचं तर तोंडाला आतून धातूची पट्टी शिवलेलं घ्या, आणि वर्षा-दोन वर्षांत ते ढिलं पडलं की माया न ठेवता टाका. जुन्या धाटणीच्या देखण्या होल्स्टरांच्याही मोहात पडू नका. १९२० च्या दशकात एल पासोमध्ये टॉम थ्रीपर्सन्स या पोलिसाच्या नावाने जे होल्स्टर बनायला लागलं, ते टेक्सासचा अभिमान आहे, पण त्यात ट्रिगरची कडी मुद्दाम उघडी ठेवलेली असते. ते त्या काळातल्या, मागचा घोडा (हॅमर) आधी अंगठ्याने ओढायच्या रिव्हॉल्व्हरला शोभतं. ग्लॉकला नाही.

रोजच्या ऑफिसला मी कायडेक्सच सांगेन. दोन मिलिमीटर जाडीचं प्लॅस्टिक, घामाचं त्याला काही नाही, तोंड मिटत नाही, पिस्तूल बसलं की टक असा आवाज येतो. मागे चामड्याचा मोठा पंखा आणि पुढे कायडेक्स अशी मिश्र होल्स्टरंही मिळतात. अंगाला फार सुखाची. पण त्यांचा चामडी पंखा काळाने वर कुरळा होतो आणि पुन्हा तीच घडीची भानगड. माझ्या खणात अशी दोन आहेत.

आता जागा. कमरेला घड्याळ समजा, बेंबी म्हणजे १२, उजवी कड ३. लोक एकतर ३ ते ४ वर बाळगतात, म्हणजे उजव्या कमरेच्या किंचित मागे, नाहीतर १२ ते १ वर, म्हणजे पोटावर. तुम्ही ४ वर बाळगताय असं लिहिलंत. उभ्याने ती जागा उत्तम. मात्र ऑफिसच्या खुर्चीला हात असतात. दर वेळी उठता-बसता मूठ त्या हातावर ‘खट्’ वाजते, आणि तुम्ही तिला चुकवायला तिरके बसता. दिवसभर तिरके. तुमची कंबर यानेच जात असणार. शिवाय खाली पडलेलं पेन उचलायला वाकलात की पाठीमागे मुठीचा उंचवटा शर्टातून स्पष्ट उठतो, आणि तो तुम्हाला दिसत नाही, मागच्या क्यूबिकलवाल्याला दिसतो. गाडीत सीटबेल्टचं बक्कलही नेमकं तिथेच.

पोटावरची जागा ऐकायला भयंकर वाटते. पिस्तुलाची नळी कुठल्या दिशेला आहे हे कळल्यावर वर्गातले निम्मे लोक पाय जवळ घेतात. पण खुर्चीत बसणाऱ्यासाठी खरं तर हीच जास्त सुखाची, दोन अटींवर. एक, होल्स्टर निर्दोष असावं आणि परत घालण्याची शिस्त लोखंडी असावी: हळू, डोळ्याने बघत, कंबर पुढे काढून, शर्ट पूर्ण बाजूला धरून. पिस्तूल होल्स्टरमध्ये घाईने परत घालण्यासारखं जगात एकही कारण नाही. आणि शंका आली तर होल्स्टरच कमरेतून काढा, त्यात पिस्तूल बाहेरच बसवा आणि सगळं एकत्र परत खोचा. दुसरी अट पोटाची. फार सुटलेलं असेल तर बसल्यावर ते पिस्तुलावर येऊन टेकतं आणि मूठ बाहेर ढकलतं. मग २ च्या जवळ, जांघेच्या खोबणीत सरकवून बघावं. माझं स्वतःचं तिथेच स्थिरावलंय, पुरणपोळीच्या कृपेने.

मघाशी म्हटलं ना की होल्स्टर वर घेतलं की मूठ दिसते, त्याचा इलाज हा. होल्स्टरच्या बाजूला प्लॅस्टिकचा एक छोटा पंजा लावता येतो. क्लॉ म्हणूनच मिळतो. बेल्ट त्या पंजाला आतल्या बाजूला दाबतो आणि तरफेसारखी मूठ पोटाकडे वळते. आणि खालच्या टोकाला, अंगाच्या बाजूने, फोमचा उतरता तुकडा चिकटवायचा. तो टोक अंगापासून दूर ढकलतो, म्हणून वरचा भाग पोटाला टेकतो, आणि कडक टोकाऐवजी फोम मांडीला लागतो. वीसेक डॉलरचं काम. विकतचा नको असेल तर जुन्या योगा मॅटचा तुकडा कापून दुहेरी टेपने लावा, मी पहिला असाच लावला होता. तुमच्या तीनपैकी एका होल्स्टरला हे दोन्ही लावून बघा, चौथं घ्यावंच लागणार नाही कदाचित.

एक उलटी गोष्ट. पोटावर छोटं होल्स्टर सुखाचं असणार असं सगळ्यांना वाटतं. तसं होत नाही. आखूड होल्स्टरला बेल्टखाली आधार कमी, मग वरचं वजन त्याला पुढे कलंडवतं आणि सगळा दाब एका बोटभर जागेवर येतो. जरा लांब असलं की दाब पसरतो.

पिस्तुलाचंही तेच. लोक म्हणतात ग्लॉक १९ जड आहे, त्याच कंपनीचं बारीक ४३एक्स घेतो, लपेल छान. मापं बघा. भरलेलं ग्लॉक १९ साडेआठशे ग्रॅमच्या आसपास, ४३एक्स साडेसहाशेच्या. जाडी ३४ विरुद्ध २८ मिलिमीटर. वजनात आणि जाडीत फरक खरा आहे, संध्याकाळी कळतो. पण शर्टातून दिसते ती मूठ, आणि मुठीसकट उंची दोघांची सारखीच, १२८ मिलिमीटर. लपवणं हाच त्रास असेल तर ४३एक्सने तो जाणार नाही. साधं ४३ घेतलंत तर उंची १०८ वर येते, सिग कंपनीचं पी३६५ ही त्याच आसपास. पण मग हातात धरायला कमी आणि धक्का जास्त. मी तुम्हाला आत्ता पिस्तूल बदलायला सांगत नाही. आधी पुढचा परिच्छेद करून बघा.

बेल्ट. बारा वर्षांत मी सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेला शब्द. तुम्ही तीन होल्स्टरं बदललीत, बेल्ट एकदाही नाही. मॉलमधला ऑफिसचा बेल्ट साडेआठशे ग्रॅम एका बाजूला पेलायला बनलेलाच नसतो. तो वळतो, होल्स्टर बाहेर झुकतं, मूठ दिसते. मूठ दिसते म्हणून तुम्ही बेल्ट आवळता. आवळला की काचतं, आणि काचलं की होल्स्टरला शिव्या. आणखी एक बारकावा: बहुतेक क्लिपा दीड इंची बेल्टसाठी असतात आणि ऑफिसचे बेल्ट सव्वा इंची. तो पाव इंच ढिला राहतो, त्यात होल्स्टर दिवसभर डुलतं. क्लिप आणि बेल्ट एका मापाचे पाहिजेत, दुसरं काही नाही.

बेल्ट असा घ्या: बाहेरून साधं काळं किंवा तपकिरी चामडं, आत कडक पट्टी, दीड इंच, आणि भोकांऐवजी रॅचेट बक्कल. साध्या बेल्टची दोन भोकं एकेक इंचावर असतात, म्हणजे एक भोक घट्ट आणि पुढचं सैल, मधलं काही नाही. रॅचेटला दातेरी पट्टी असते, पाव-पाव इंचाने सरकतो. सकाळी उभ्याने लावलेला बेल्ट खुर्चीत बसलं की एक टिक सैल, जेवणानंतर आणखी एक टिक, उठताना परत घट्ट. टेबलाखाली एका बोटाने होतं, कोणाला कळत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने फक्त हा बेल्ट बदलला आणि ‘सर, होल्स्टर एकदम मऊ झालं’ म्हणून निरोप पाठवला. होल्स्टर तेच होतं.

खोचलेल्या शर्टासाठी क्लिप वेगळ्या प्रकारची लागते. क्लिप आणि होल्स्टरच्या मधे इंग्रजी व्ही सारखी खोल खोबण असते, शर्ट त्या खोबणीत खोचला जातो, बाहेर बेल्टवर फक्त क्लिपची पट्टी दिसते. काळा बेल्ट, काळी क्लिप, आणि चकाकी नसलेली. कोणी विचारलंच तर लोकांना ती किल्ल्यांची वाटते. तुमच्या फोटोतल्या होल्स्टरला साधी क्लिप आहे, त्यावर शर्ट खोचताच येणार नाही. शर्ट खोचून झाल्यावर दोन्ही हात एकदा वर करा, मग शर्ट इंचभर बाहेर ओढून थोडा फुगवटा ठेवा. फार तंग खोचला की पोटावर कापड ताणून बसतं आणि आत काय आहे त्याचा छापच उमटतो. फिकट एकरंगी आणि स्लिम फिट शर्ट शत्रू. बारीक चौकडा, गडद रंग, जरा जाड कापड मित्र. या बाबतीत आपल्या देशी काकांच्या चौकड्याच्या शर्टाला तोड नाही.

खोचलेला शर्ट म्हणजे दोन हातांचं काम: डाव्या हाताने शर्ट उपसायचा, उजव्याने मूठ धरायची. मोकळ्या शर्टापेक्षा वेळ जास्त लागतो, तो लागणारच. घरी रिकाम्या पिस्तुलाने सराव करा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, आणि खुर्चीत बसूनही करा.

हे सगळं करूनही क्लिप दिसते म्हणून चैन पडत नसेल, तर बेल्टवर अवलंबून नसलेला एनिग्मा नावाचा पट्टा मिळतो. तो कपड्यांच्या आत, स्वतंत्रपणे कमरेला बांधतात, होल्स्टर त्यावर बसतं, मांडीला एक बारीक दोरी. वरून शर्ट खोचा, साडी नेसा, नाडीची पँट घाला, बाहेर काही दिसत नाही. महाग आहे, आणि बसवताना पहिला आठवडा वैताग येतो. माझ्या वर्गातल्या बायका आता सहसा हाच घेतात, कारण बायकांच्या ऑफिसच्या पँटांना धड बेल्टची घरं नसतात.

खांद्याचं होल्स्टर सिनेमात ठेवा. कोट काढता येत नाही, आणि टेक्सासात मे ते सप्टेंबर कोट घालून फिरणारा माणूस तसाही संशयास्पद दिसतो. घोट्याचं होल्स्टर पाच गोळ्यांच्या हलक्या रिव्हॉल्व्हरला चालतं, ग्लॉक १९ ला नाही.

आणि लॅपटॉपची बॅग नको. ती मीटिंग रूममध्ये राहते, जेवायला जाताना खुर्चीला लटकते, घरी आल्यावर मुलं चार्जर शोधायला तिच्यात हात घालतात. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोतल्या हेडन गावी, एका वॉलमार्टात, दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधून पिस्तूल काढलं आणि आई जागच्या जागी गेली. ती पर्स खास पिस्तूल बाळगण्यासाठीच बनवलेली होती, चेन असलेल्या वेगळ्या कप्प्याची. शिवाय बॅगेत ठेवलं की विसरतं. २०२३ साली टीएसएला, म्हणजे अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षा यंत्रणेला, विमानतळांच्या तपासणीत ६,७३७ बंदुका मिळाल्या, बहुतेक भरलेल्या, आणि आपलं डॅलसचं डीएफडब्ल्यू विमानतळ त्यात देशात दुसरं, ३७८. आपल्यासाठी यात आणखी एक मेख आहे. रेंजवर नेलेल्या बॅगेच्या कोपऱ्यात एखादी सुटी गोळी राहते, तीच बॅग डिसेंबरात भारतात जाते, आणि मुंबईच्या विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो. एका गोळीवरून. रेंजची बॅग वेगळी ठेवा, तिच्यावर खडूने मोठी फुली मारा.

हे कोणी विचारत नाही आणि सगळ्यांना भेडसावतं: ऑफिसचं संडास. पँट खाली गेली की बेल्ट सुटतो आणि साडेआठशे ग्रॅम फरशीकडे निघतात. अमेरिकन संडासाची दारं खालून वीतभर उघडी, म्हणजे शेजारच्याला थेट दर्शन. मग लोक पिस्तूल काढून कागदाच्या डब्यावर किंवा टाकीवर ठेवतात आणि विसरून जातात. माझ्या ओळखीच्या एकाने असंच ठेवलं, सफाई करणाऱ्या बाईला सापडलं, आणि त्या दिवशी त्याची नोकरी गेली. नियम एक: पिस्तूल होल्स्टरमधून काढायचंच नाही. पँट गुडघ्याच्या वरच थांबवायची, बेल्टचं बक्कल परत अडकवून तो मांड्यांभोवती ताणलेला ठेवायचा, सगळं पँटच्या घडीत झाकलेलं. होल्स्टरची पकड एवढी हवी की पिस्तुलासकट उलटं धरून, अर्थात रिकामं, हलवलं तरी पिस्तूल पडू नये. पकड कमी-जास्त करायला कायडेक्सला एक स्क्रू असतो. महिन्यातून एकदा तो तपासा आणि निळं थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणारा चिकट द्रव, लावा, चालून चालून ढिला होतो.

कायद्याचं थोडक्यात, कारण होल्स्टरशी त्याचा संबंध येतो. सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासात लायसन नसतानाही पात्र माणसाला बाळगता येतं, तरी तुम्ही एलटीसी काढलंत ते बरं केलंत. इमारतीच्या दारावर इंचभर उंच अक्षरांत, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये टेक्सास कायद्याच्या कलम ३०.०६ ची मनाईची पाटी असेल तर लपवूनही आत न्यायचं नाही. तुमच्या कंपनीची मनाई नसली तरी क्लायंटच्या इमारतीत ती असू शकते. तेव्हा पिस्तूल गाडीत ठेवावं लागतं, आणि पार्किंगच्या जागेत गाडीत पिस्तूल काढणं-घालणं हीच दिवसातली सगळ्यात धोक्याची वेळ. म्हणून होल्स्टर एका क्लिपवर निघणारं हवं, स्क्रूच्या पट्ट्यांनी बेल्टला जखडलेलं नको. होल्स्टरसकट काढायचं, होल्स्टरसकट सीटखालच्या केबलने बांधलेल्या कुलपाच्या पेटीत ठेवायचं. लंचला बीअर घेणार असाल तर त्या दिवशी पिस्तूल घरी. एडिसनला भावाकडे जाताना ते न्यू जर्सीत नेऊ नका, तिथे टेक्सासचं लायसन चालत नाही. आणि हे वाचणाऱ्या एच-१बीवाल्यांनी लक्षात ठेवा, शिकारीच्या लायसनसारखे मोजके अपवाद सोडले तर तुमच्या व्हिसावर संघीय कायद्याने बंदूक बाळगणं हाच गुन्हा आहे.

तर तुम्ही करायचं ते असं. आधी बेल्ट मागवा, आणि ३६ ची एक पँट. ते येईपर्यंत काही घेऊ नका. मग त्याच ग्लॉक १९ साठी, खोबणीची क्लिप, पंजा आणि उंची बदलायची सोय असलेलं कायडेक्स होल्स्टर, सत्तर ते शंभर डॉलरमध्ये, आणि सामान परत घेणाऱ्या दुकानातूनच. ते १ ते २ च्या मधे लावा. पिस्तूल रिकामं, दोनदा तपासलेलं. आणि शनिवार-रविवार घरातल्या ऑफिसच्या खुर्चीत बसा, आरशासमोर नको. चार तास. ईमेल करा, वाका, गाडी काढून किराणा आणा, जेवा, संडासला जा. दर तासाला क्लिपचं एक भोक किंवा बेल्टची एक टिक बदलून बघा, पण एका वेळी एकच. काय बदललं ते कागदावर लिहा, नाहीतर संध्याकाळी कशाने बरं वाटलं ते कळत नाही. सोमवारी मला तो कागद पाठवा, आणि त्यावर ‘त्रास होतो’ लिहू नका. टोचतं, काचतं, रुततं की घासतं ते लिहा.